एका पोर्टाची सनद

महसूल खात्यात हयात घालविलेल्या मनुष्यास निवृत्तीनंतर कचेरीची आठवण येत नाही असे जो सांगतो, तो एकतर असत्य बोलतो, किंवा पेन्शन मंजूर न झाल्यामुळे अद्याप रोज कचेरीतच बसलेला असतो. माझी पेन्शन वेळेवर सुरू झाली, त्यामुळे आठवणींना सवड मिळाली. परंतु ज्या कचेरीत मी नोकरी केली (तिचे नाव सांगणे त्याच पेन्शनच्या दृष्टीने हितावह नाही) तेथे जी अस्सल कचेरी मला कधी पाहावयास मिळाली नाही, म्हणजे जेथे प्रत्येक नामंजुरीस कारण असते, प्रत्येक कारणास क्रमांक असतो आणि नियमांचे पुस्तक कुलूपबंद कपाटात नसून कोणासही उघडून वाचता येते, ती मला अखेर सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत, मोटारीच्या खोलीत, पुतण्याच्या लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपात सापडली.

निमित्त घडले ते आंबिया बहाराचे. हा बहार धरावयाचा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडून त्यास ताण द्यावा लागतो, आणि तो किती द्यावा हे आमच्या घराण्यात आजवर पानांचा रंग व थोरल्या भावाचा चेहरा या दोन साधनांनी ठरत आले आहे. नागपुरास अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यास ही दोन्ही साधने अशास्त्रीय वाटली. त्याने मातीतील ओलावा मोजणारी एक पट्टी आणली, तिला अर्दुइनो नॅनो या चिमुकल्या नियंत्रक-पाटीची एक स्वस्त नक्कल जोडली, आणि आता आपली काळी माती 0 ते 1023 या आकड्यांत स्वतःच बोलेल अशी ग्वाही देऊन केबल लॅपटॉपात खोवली. दिवा लागला, आकडा काही आला नाही.

"काकाजी, पोर्ट दिसूनच नाही राह्यला," तो म्हणाला.

प्रथम दोषी ठरली ती केबल. केवळ मोबाइल चार्ज करण्यापुरत्या बनविलेल्या काही केबलींत विजेच्या दोन तारा असतात आणि माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा मुळातच घातलेल्या नसतात, त्यामुळे दिवा तेवढा लागतो व संभाषण होत नाही. साहेबांच्या दालनावरचा दिवा याच जातीचा असे. केबल बदलताच पोर्ट प्रकट झाला, आणि पडद्यावर 'परमिशन डिनाइड' हा शेरा उमटला. हा शेरा तेराव्या क्रमांकाचा. या यंत्रणेत तेरा म्हणजे परवानगी नाही, सोळा म्हणजे साधन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, आणि दोन म्हणजे असा कागदच दप्तरी नाही. आमच्याकडे या तिन्ही प्रसंगी 'उद्या या' एवढ्याने भागत असे.

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचावयास घेतली तेव्हा तिच्या मुळाशी त्यांनी एक विलक्षण कल्पना ठेवली, ती अशी की छपाईचे यंत्र असो, चकती असो वा दूरमुद्रक, ही सर्व साधने फायलीच मानावीत आणि त्यांना फायलींचेच कायदे लावावेत. हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्स लिहिली तीही याच संप्रदायात. त्यामुळे आमचा पोर्टही 'डेव्ह' नामक दप्तरात टीटीवाय-यूएसबी-शून्य या नावाने फाईल होऊन बसला होता, आणि मालक रूट (म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी), गट डायलआउट, मालकास वाचण्या-लिहिण्याचा हक्क, गटासही तोच, इतरेजनांसाठी तीन आडव्या रेघा, असा त्याचा खसरा एका ओळीत स्वच्छ मांडलेला होता. पुतण्या इतरेजनांत मोडत होता.

नव्या पिढीला अर्ज करण्याचे वावडे आहे. त्याने क्षणभर रूटचे अधिकार धारण केले आणि सर्वांस वाचण्या-लिहिण्याची मुभा देणारा 'सीएचमॉड 666' हा सरसकट हुकूम फर्मावला. आकडा आला, चहा झाला, केबल जराशी निसटली म्हणून पुन्हा खोवली, आणि तोच तेराव्या क्रमांकाचा शेरा पुन्हा हजर! कारण साधन निघाले की फाईलही निकालात निघते, आणि ते परत लागले की 'यूडेव्ह' नावाचा कारकून आपल्या पुस्तकातील नियमांप्रमाणे नवी फाईल उघडतो. साहेबाचा तोंडी हुकूम त्या पुस्तकात चढलेलाच नसतो. या कारकुनाविषयी मला जो आदर वाटला तो मी लपविणार नाही.

रीतसर मार्ग म्हणजे डायलआउट गटात नाव दाखल करून घेणे. त्या आज्ञेत 'ए' हे एक अक्षर आहे. ते गाळले तर नवा गट मिळतो खरा, पण आधीचे सारे पूरक गट जातात. अक्षर गाळले गेले नाही, नाव दाखल झाले, आणि तरीही नकार आला, कारण गटांची यादी प्रवेशाच्या वेळी एकदाच वाचली जाते व बाहेर पडून पुन्हा आत आल्यावाचून नवा दाखला लागू होत नाही. आमच्या मुलखास हे समजावून सांगावे लागू नये. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याच्या गटात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मात्र मध्य प्रदेशातच राहिली. पुढे 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी पत्ता सांगताना माझ्या तोंडून अजून 'जिल्हा छिंदवाडा'च निघते. माझे लॉगआउट व्हावयाचे आहे.

पुढे पुतण्याने लॅपटॉपावर लिनक्सची 2022 सालची आवृत्ती चढविली आणि पोर्ट पुनश्च अंतर्धान पावला. तेव्हा कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी उघडली; ती वाचण्यासही अलीकडे कित्येक ठिकाणी रूटची परवानगी लागते, म्हणजे तक्रारवही पाहण्याकरिता साहेबाकडे अर्ज. रोजनिशीत नोंद होती की सीएच-340 ही चिप ओळखली, तिला पोर्ट दिला, आणि लगोलग 'बीआरएलटीटीवाय' नामक प्रोग्रामने ताबा घेतल्यामुळे तो काढून घेतला. हा प्रोग्राम दृष्टिहीन वाचकांची ब्रेल पाटी संगणकास जोडून देतो. अशा एका उपकरणातील चिपचा ओळखक्रमांक आणि आमच्या स्वस्त नकलेतील चिपचा ओळखक्रमांक, 1ए86:7523, अक्षरशः एकच. त्यामुळे तो सेवातत्पर प्रोग्राम आमच्या संत्र्याच्या मातीत कोणी ब्रेल वाचक शोधीत बसला होता. एकाच खसऱ्यावर दोन नावे लागल्याची प्रकरणे मी वर्षानुवर्षे पाहिली, पण त्यांत इतका निष्पाप कब्जेदार मला एकही भेटला नाही.

अखेर आकडा स्थिर झाला. या जातीच्या पट्टीत माती वाळली की आकडा वाढतो, हे ऐकून थोरल्या भावाने पडद्याकडे एकवार पाहिले, "पाणी कमी अन् आकडा जास्त? हा उलटाच हिशोब आहे बापा," असे म्हणून ते पाने पाहावयास निघून गेले. ताण तोडण्याचा दिवस त्यांनीच ठरविला. आकड्याचेही मत तेच होते, असे पुतण्या सांगतो.

ज्यांचे पोर्ट असेच दिसेनासे होत असतील त्यांनी प्रथम केबल बदलून पाहावी, मग रोजनिशी वाचावी. आणि तो ब्रेलचा प्रोग्राम समूळ काढून टाका असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये: लॅपटॉप घरात सर्वांचा असतो, आणि उद्या त्यावर बोटांनी वाचणारे कोणी बसू शकते. त्याच्या नियमांच्या फाईलीची प्रत 'ईटीसी' नामक दप्तरातील यूडेव्हच्या नियमांत त्याच नावाने ठेवावी, तिच्यातील 1ए86:7523 च्या ओळीपुढे एक # चिन्ह घालावे, आणि बाकीचे नियम जसेच्या तसे राहू द्यावेत.