आजोबा भिंतीला लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम आजोबांचं वजन करावं. आमचे रद्दीवाल्याच्या काट्यावर 11 किलो 400 ग्रॅम भरले. सागवानी नक्षीची लंबगोल फ्रेम, डोक्यावर कळसासारखा मुकुट, जाड काच आणि काचेमागे फेटा बांधलेले अण्णा. रद्दीवाल्याने सवयीने भावही सांगितला, पण आत्या हे वाचणार असल्याने तो इथे देत नाही.

जुन्या नाशकातल्या वाड्यात असताना हा प्रश्नच नव्हता. हातभर जाडीची मातीची भिंत आणि ती रचतानाच आत चिणलेली लाकडी खुंटी. अण्णा तुळईखाली उंचावर असत आणि तिथून पुढे वाकलेले असत. मागची कडी अगदी टोकाला न लावता चार बोटं खाली लावली की फ्रेम आपोआप पुढे कलते. मग खालून बघणाऱ्याला काचेत दाराचा उजेड न दिसता चेहरा दिसतो. मागच्या फटीत पालीची सोय होते, ती वेगळी. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली सुरू झाला, आणि त्यातून घरोघरी गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही अशाच वाकून बघत. त्या छापखान्यात काम केलेले आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके पुढे चित्रं हलवायच्या मागे लागले. आपल्याला नेमकं उलटं साधायचंय.

वाडा गेला आणि अण्णा आमच्याबरोबर इंदिरानगरच्या फ्लॅटात आले. आता भिंत निवडावी. पितर दक्षिणेच्या भिंतीला, याबाबत घरात एकमत असतं. दक्षिणेची भिंत कशाची आहे, याबाबत बिल्डरसकट कोणालाच काही माहीत नसतं. त्यासाठी ड्रिल मारून भुगा बघावा. भुगा विटकरी आला तर नशीब चांगलं. राखाडी आला आणि ड्रिल किंचाळायला लागलं तर कॉलम लागलाय. तिथे शेजारचे वर येईपर्यंत जेमतेम अर्धा इंच भोक पडतं. पांढुरका, पिठासारखा भुगा भसाभस आला तर सिपोरेक्सचे हलके ठोकळे. आमच्याकडे अर्थातच पिठाची गिरणी निघाली. अशा भिंतीत ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवावं, नाहीतर भोकाचं बीळ होतं. स्विचबोर्डाच्या सरळ वर तर कधीच ड्रिल मारू नये. वायरीची नळी तिथूनच चढते, आणि मग घरात दोन फोटो लावायची वेळ येते.

पहिल्या खेपेला मी एक खिळा ठोकला, तार बांधली आणि चहा प्यायलो. कप ठेवायच्या आत अण्णा सोफ्यावर येऊन बसले. काच वाचली. खिळा बोटभर प्लास्टरमध्ये होता, आणि प्लास्टर ही भिंत नसून भिंतीची पावडर असते. दुसरी चूक तारेची. फ्रेम भिंतीला चिकटून दिसावी म्हणून तार ताणून बांधायचा मोह होतो. तार आडवीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर फ्रेमच्या वजनाइतका ताण येतो. कोन 10 अंशांवर आणला की ताण जवळजवळ तिप्पट, म्हणजे आमच्या तारेच्या दोन्ही बाजूंवर तेहेतीस-तेहेतीस किलो. एवढे जड तर अण्णा शेवटच्या आजारपणातही झाले नव्हते.

लंबगोल फ्रेमचा मधला भाग टेपने शोधू नये. मुकुटामुळे वजन वर असतं. फ्रेम एका कडेने दोरीला टांगावी, त्याच दोरीवरून ओळंबा सोडून मागच्या फळीवर खडूची रेघ मारावी, मग दुसऱ्या कडेने टांगून पुन्हा रेघ मारावी. दोन रेघा जिथे छेदतात तिथे फ्रेमचा गुरुत्वमध्य. आमच्या फ्रेममध्ये तो फोटोतल्या कोटाच्या वरच्या गुंडीमागे निघाला.

उंची ठरवायला सगळं घर जमतं. आधी वर्तमानपत्रातून फ्रेमचा आकार कापून तो भिंतीला चिकटवावा आणि कागद वरखाली सरकवावा. सेंटिमीटरमध्ये बोलू नये, कोणी ऐकत नाही. नाशिककराला उंचीचं माप एकच कळतं, गोदेच्या पुराचं पाणी ज्याच्या अंगावर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीचं. ‘छातीपर्यंत आणा’ म्हटलं की कागद बरोबर जागेवर येतो. ‘बुडाला!’ अशी हाक आली की थोडा खाली घ्यावा.

मग सुताराला बोलवावं. आमचा रविवारी मिसळ खाऊन आला. त्याने एकदा फ्रेमकडे, एकदा खिळ्याच्या भोकाकडे आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग सागाची एक पट्टी लांबीतून तिरकी कापून दोन केल्या. एक तिरपा काप वर ठेवून भिंतीला, दुसरी उलटी करून फ्रेमच्या मागे. वरची खालचीत अडकून बसते आणि जितकं वजन तितकी घट्ट होते. भिंतीत चार लांब गिट्ट्या गेल्या. आधी प्रत्येक भोकात फुंकर मारून भुगा काढला, तो माझ्या चष्म्यावर बसला. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. खालच्या कडेला पट्टीच्याच जाडीचे दोन ठोकळे लावले, म्हणजे फ्रेम भिंतीला अगदी समांतर. सुतार स्वतः पट्टीला लोंबकळला आणि म्हणाला, ‘आता बिल्डिंग पडंल, फोटो नाही.’

संध्याकाळी आत्या आली. सोफ्यावर बसून तिने वर बघितलं, मान वळवून समोरच्या टीव्हीकडे बघितलं, पुन्हा वर.

‘वाड्यात अण्णा आमच्याकडे बघायचे रे,’ ती म्हणाली. ‘इथे मालिका बघतायत.’

सुताराला फोन केला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला, मिसळ झाल्यावर.