आत्याबाईंचं सुवार्ताकार्य

पाळकसाहेब म्हणतात, "आजच्या उताऱ्यात तीन मुद्दे आहेत," आणि पहिला मुद्दा संपायच्या आत आत्याबाईंची हनुवटी छातीला टेकते. दुसरा मुद्दा त्यांनी आजवर ऐकलेला नाही. मात्र रेव्हरंड टिळकांचं भजन लागलं, की डोळे मिटलेलेच ठेवून त्या टाळ बरोबर समेवर आणतात. पुढच्या बाकावरचे पंच मागे वळून नापसंतीनं बघतात. पंच उपासनेत कधी पेंगत नाहीत. शनिवारी रात्री ते साडेनवालाच आडवे होतात. आत्याबाईंची शनिवारची रात्र सिव्हिल हॉस्पिटलात, ज्याला कुणी नाही अशा पेशंटच्या उशाशी जाते.

नगरकडच्या मंडळ्यांमधून अशा एखाद्या आत्याबाई हटकून भेटतात. निवृत्त शिक्षिका, नाहीतर नर्स. पायात रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत क्रोशाची सुई, मऊ भाताचा डबा आणि पवित्र शास्त्र. शास्त्र जरा फुगलेलं दिसतं, कारण त्यात संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म ठेवलेले असतात. चुरगळत नाहीत ना!

प्रार्थनेची पाळी पंचांवर आली, की ते उत्पत्तीपासून निघतात आणि प्रकटीकरणापर्यंत पोचतात, तोवर घरोघरी मटणाचे कुकर थंड झालेले असतात. आत्याबाईंची प्रार्थना अशी: "देवा, त्या पोराचा ताप उतरव आणि तलाठ्याला रजेवरून परत आण. आमेन."

सोमवारी मात्र त्या टक्क जाग्या असतात. तहसील कचेरीत एखाद्या विधवेला घेऊन जातात. कारकून "उद्या या" म्हणाला, की "सावकाश होऊ द्या, भाऊ," म्हणत बाकावर बसतात आणि क्रोशाची सुई काढतात. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, सगळं क्रमानं लावलेलं असतं. रुमालाची दुसरी कड विणून होईतो कारकुनाचा धीर सुटतो आणि शिक्का पडतो.

"या बाई तुमच्या चर्चच्या का?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही हो, रांगेतल्या."

हे पंचांच्या कानावर गेलं. त्यांनी आत्याबाईंना गाठलं. "त्या बाईंना प्रभूविषयी काही सांगितलंत?"

"सांगणार होते. पण रहिवासी दाखला राहिला होता."

पंचांनी मान हलवली. आत्म्यांची काळजी त्यांनाही आहे. पण ती दर रविवारी, नऊ ते अकरा. त्यांच्या गल्लीतला रिक्षावाला पाय मोडून दोन महिने घरी होता, हे त्यांना आत्याबाईंकडून कळलं. त्यांनी लगेच त्याचं नाव प्रार्थनेच्या यादीत घातलं. त्याच्या घरचा किराणा आत्याबाई भरत होत्या.

नगरच्या मंडळीला लेखी कामाचं वळण जुनं. अमेरिकन मराठी मिशननं इथं १८३१ साली बस्तान बसवलं आणि १८४२ साली इथंच ‘ज्ञानोदय’ काढला. तेव्हा वार्षिक अहवालाचा फॉर्म प्रत्येकाला भरावाच लागतो. ‘सुवार्ताकार्य’ या रकान्यात पंचांनी लिहिलं: पाचशे पत्रके वाटली. आत्याबाईंनी बराच विचार केला, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक.

अहवाल तसाच छापला गेला आणि पंचकमिटीनं तो एकमतानं मंजूर केला. सभेला आत्याबाई नव्हत्या. त्या दिवशी तलाठी रजेवरून परत आला होता.