चारबाग ते जानकीपुरम, मोज्यातून

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात बाकरवडीला स्वतंत्र डबा असतो. लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क मात्र मोज्यात कोंबलेली असते. दिवसभर रुळांवर हादरून ती चारबागला उतरते, अलीगंज ओलांडून ई-रिक्षात प्रत्येक खड्ड्याला सलाम ठोकत जानकीपुरमला पोचते, आणि जोडल्याबरोबर स्क्रीन विचारतो, 'फॉरमॅट करायची का?' खापर ई-रिक्षावर फुटतं, आणि हा अन्याय आहे. बंद डिस्कचं वाचणारं डोकं तबकडीवरून उतरून बाजूला विसावलेलं असतं; असल्या धक्क्यांनी त्याची झोपमोड होत नाही. खरी धावपळ टेबलावर सुरू होते. मिनिटाला 5400 फेऱ्या मारणाऱ्या अडीच इंची तबकडीची कड ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळते, ई-रिक्षाच्या दुपटीहून जास्त, आणि डोकं तिच्यावर धुळीचा कणही मावणार नाही इतक्या उंचीवरून तरंगतं. तेव्हा 'चहा ठेवायचाय, सरकव जरा' म्हणून उचललेली डिस्क जेवढी दुखावते, तेवढी सीतापूर रोडवर दुखावत नाही. (हातातून पडली तर बात वेगळी, फरशी झोपलेल्यालाही सोडत नाही.)

दुसरं कारण अस्सल लखनवी आहे. संगणक इतका आदबशीर, की काही मजकूर अजून त्याच्याच स्मृतीत तिष्ठत असताना 'कॉपी झाली' असं सांगून मोकळा होतो. त्या क्षणी केबल उपटली, किंवा मे महिन्यात वीज गेली, की फाइल अर्धी राहते. आणि एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर काम कुठवर आलं होतं याची नोंदवहीच नसते. यावर कुणी म्हणेल, 2018 पासून विंडोजच इजेक्टचा आग्रह धरत नाही. बरोबर, पण ती सवलत लिहून झाल्यावरची आहे, लिहिताना हात धरून ओढायची नव्हे.

मग करायचं काय? आधी केबल बदलावी आणि संगणकाच्या मागच्या बाजूला थेट लावावी. कितीतरी 'मेलेल्या' डिस्क केवळ अर्धपोटी असतात. त्यानंतर निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावं, आणि मगच चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा. 'पण चेकडिस्कने शेजाऱ्यांचं काम झालं होतं!' झालं असेल, कारण त्यांच्या डिस्कवरची फक्त फाइलींची यादी बिघडली होती. टकटक वाजणाऱ्या डिस्कला तेच औषध देणं म्हणजे तापकऱ्याला कवायतीला उभं करणं. दुसऱ्या डिस्कचा खर्च फुकट वाटणाऱ्यांनी कैसरबागेत जाऊन यावं. 1926 साली तिथल्या मॅरिस या संगीत कॉलेजचा पाया घालणाऱ्या पंडित भातखंड्यांनी उस्तादांच्या गळ्यात अडकलेल्या बंदिशी कागदावर उतरवल्या. गळा करप्ट झाला तर फॉरमॅटचीही सोय नव्हती.

एवढं ऐकून कुटुंब नाझा मार्केटमधून दुसरी डिस्क आणतं, सगळे फोटो तिच्यावर चढवतं, आणि परतीच्या पुष्पकमध्ये दोन्ही डिस्क एकाच पिशवीत निघतात. मोजे मात्र वेगवेगळे.