कादंबऱ्यांचा हिशेब कसा ठेवावा

ही मार्गदर्शिका केवळ मजेखातर कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी आहे. पीएच.डी.साठी, नेट-सेटसाठी किंवा परीक्षण द्यायचे कबूल करून बसल्यामुळे वाचणाऱ्यांनी इथूनच परत फिरावे. त्यांना टिपणे काढावीच लागतात आणि त्याबद्दल त्यांना काही ना काही मिळते. आपल्याला काही मिळणार नाही, हे नीट समजून घेऊन मगच वही आणायला निघावे.

मराठी वाचकाला हिशेबाची गरज जरा जास्तच आहे, कारण आपल्याकडे एका नायकावर एकच कादंबरी लिहून कुणाचे समाधान होत नाही. कर्णावर शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आहे आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ही आहे. संभाजी महाराजांवर सावंतांची ‘छावा’ आहे, विश्वास पाटलांची ‘संभाजी’ आहे. दहा वर्षांनी कुणी विचारले की आपण ठामपणे सांगतो, ‘‘वाचलीय ना! ती रथाचं चाक रुततं ती.’’ चाक दोन्हीकडे रुतते. (नोंद नसेलच तर एक खूण सांगून ठेवतो : कर्णासोबत कुंती, दुर्योधन, वृषाली अशी मंडळी आळीपाळीने आपापली बाजू मांडत असतील तर ती ‘मृत्युंजय’.)

आता वही. बँकेने किंवा विमा एजंटाने दिलेली डायरी घेऊ नये. तिच्यात प्रत्येक पानावर तारीख असते, आणि एखादी कादंबरी महिनाभर रेंगाळली की तेवढी पाने कोरी राहून टोचत राहतात. दोनशे पानी एकरेघी वही आणावी, तिला खाकी कव्हर घालावे, समास आखावा. बहुतेकांचा हिशेब इथे पूर्ण होतो. ज्यांना एक्सेल येते ते इथवरही पोचत नाहीत; रकान्यांना रंग देण्यात त्यांचा जो रविवार जातो, त्यात ‘बनगरवाडी’ वाचून झाली असती.

शास्त्रशुद्ध वर्गीकरणाची हौस असेल तर ग्रंथालयांतली ड्युई दशांश पद्धत पाहावी. तिच्यात मराठी कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. म्हणजे आपली अख्खी वही एकाच क्रमांकाखाली येते. हौस फिटली, पुढे चलावे.

खरी अडचण ‘वाचली’ कशाला म्हणायचे ही आहे, आणि इथे नवशिक्याने घाई करू नये. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे. ती एक धरावी. दोन धरणारा माणूस बाकीच्या व्यवहारातही जपून वागवावा. मग नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ यांचे काय? चौघींत चांगदेव पाटील एकच, पण पुस्तके चार निघाली, म्हणून चार धराव्यात. नेमाड्यांच्याच ‘हिंदू’साठी (२०१०) मात्र वहीच्या मागच्या बाजूने ‘अर्धवट’ असे वेगळे पान सुरू करावे. तिथे फक्त पान क्रमांक लिहावा, कारण लिहू नये. हे पान पुढे-पुढे वहीतले सर्वांत प्रामाणिक पान ठरते.

सिनेमा पाहिला म्हणजे कादंबरी वाचली असे होत नाही. ‘दुनियादारी’ २०१३ साली पडद्यावर आली तेव्हापासून ती ‘वाचलेले’ फार वाढले आहेत. मुंबई-पुणे प्रवासात कानात घालून ऐकलेली ‘पानिपत’ चालेल, पण झोप लागली तेवढा भाग परत ऐकावा. त्या अवधीत विश्वासराव गेलेले असू शकतात. बाबूराव अर्नाळकरांच्या भक्तांनी या भानगडीत पडूच नये. झुंजार, काळा पहाड वगैरे धरून त्यांनी हजारावर पुस्तके लिहिली आहेत. रोज एक संपवली तरी पावणेतीन वर्षे लागतात, आणि नोंद करायची तर तो वेळ वेगळा.

इतके झाल्यावर वहीतला मूळ दोष लक्षात येतो : ती घरी असते. ‘ही आपण वाचलीय का?’ हा प्रश्न पडतो तो वाचनालयात, कपाटापुढे मान वाकडी करून उभे असताना. त्यातून वाचनालयातले पुस्तक रेक्झिनमध्ये बांधलेले, मुखपृष्ठ गेलेले, पहिली चार पाने बाइंडरने गिळलेली. ओळखणार कशावरून? घरी नेऊन चाळीस पाने वाचल्यावर लेखकाआधी आपल्यालाच पुढचे सुचू लागते, तेव्हा कळते.

यावरचा उपाय आपल्या आज्या-मावश्यांनी केव्हाच काढून ठेवला आहे. एक पान ठरवायचे, समजा एकवीस, आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात त्या पानावर आपली खूण करायची : आकड्याभोवती गोल, कोपऱ्यात फुली, नावाचे आद्याक्षर. पुस्तक हातात आले की थेट एकवीस काढायचे. जुन्या वाचनालयातली एखादी लोकप्रिय सामाजिक कादंबरी उघडून पाहा, निरनिराळ्या पानांवर अशा सात-आठ जणींच्या खुणा सापडतील. आनंदासाठी केलेल्या वाचनाची याहून चांगली नोंद मी पाहिलेली नाही, कारण शंका जिथे येते तिथेच उत्तर ठेवलेले असते. अर्थात सार्वजनिक पुस्तकावर लिहिणे वाईटच. ही मार्गदर्शिका त्याचा निषेध करते आणि शिसपेन्सिल मऊ वापरावी असे सुचवते. पहिल्याच पानावर ‘खुनी दिवाणजी आहे’ असे लिहून ठेवणारी जमात वेगळी, तिच्याशी आपला संबंध नाही.

राहता राहिला शेऱ्याचा रकाना. तारे देऊ नयेत. ‘छान आहे’, ‘भाषा ओघवती’ असेही लिहू नये. दोन वर्षांनी या शब्दांतून काही उलगडत नाही. पुस्तक कुणी दिले, कुठे वाचले, कोणते पात्र चिकटून राहिले एवढे टिपावे. ‘गारंबीचा बापू : आत्याकडून, परीक्षेच्या सुट्टीत, राधा’ ही नोंद पुरेशी आहे.

शेवटचा रकाना ‘कुणाला दिली’. बाकी सगळे आळसाने सुटले तरी हा सोडू नये, कारण या वहीतून रोकड फायदा होतो तो एवढाच. नाव आणि तारीख लिहून नेणाऱ्याची समोर सही घ्यावी. सख्खा भाऊ असला तरी घ्यावी. सख्ख्या भावाची तर आधी घ्यावी.