अनाकलनीयाचा आस्वाद

अमेरिकेतील बफेलो शहरात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कॅनिबल कॉर्प्स या बँडचा ‘टूम ऑफ द म्यूटिलेटेड’ (१९९२) हा डेथ मेटल अल्बम आस्वादशास्त्राने उपेक्षिला असला, तरी शब्द श्रेष्ठ की स्वर, हा जुना तंटा त्याने दोघांनाही गाडून मिटवला आहे. त्यातील ‘ग्राउल’, म्हणजे घशाच्या तळातून उपसलेली गुरगुर, आणि ‘ब्लास्ट बीट’, म्हणजे ड्रमवरील आघातांचा अखंड भडिमार, यांच्या संयुक्त प्रयत्नांतून एकही शब्द कानापर्यंत शाबूत पोहोचत नाही. देहाच्या विच्छेदनाचे वर्णन करताना भाषेचेही विच्छेदन व्हावे, इतकी आशय-अभिव्यक्तीची एकरूपता महाकवींनाही क्वचितच साधली असेल. चाहते ‘निर्घृण’ हे विशेषण प्रशस्तिपत्रासारखे वापरतात, ते योग्यच आहे. (कोणी ‘श्रवणीय’ म्हटल्यास बँडने अब्रुनुकसानीचा दावा लावावा.) याच न्यायाने पुढील अल्बमात गायकाने केवळ खाकरावे आणि गीते सीलबंद पाकिटात ठेवावीत, हे तर्काला धरूनच होईल. चाहते मान झटकण्यात तृप्त असताना, ही गीते शब्दशः वाचण्याची निष्ठा जर्मन शासनयंत्रणेने दाखवली आणि बँडच्या पहिल्या तीन अल्बमांतील गाणी मंचावर गाण्यास २००६ पर्यंत मनाई केली. मनाई मोडली गेल्याचे ओळखू शकेल असा कान मात्र कोणत्याही शासकीय संवर्गात उपलब्ध नसतो.