अनुभवाचा दाखला

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. मानसशास्त्राच्या विषयात ही म्हण वापरणं बरं दिसत नाही, कबूल. पण शैक्षणिक मानसशास्त्राचं पुढचं प्रशिक्षण घ्यायला निघालेल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरींची गत सांगायला इतकी चपखल दुसरी म्हण सापडत नाही. (पोरीच म्हणतोय, कारण या रांगेत मुलगे क्वचितच दिसतात.) प्रवेशाच्या मुलाखतीत विचारतात, "मुलांबरोबर कामाचा अनुभव?" अनुभव मागायला शाळेत जावं, तर हेडबाई विचारतात, "कोर्स झालाय का?"

हेडबाई मनाने वाईट नसतात. त्या पुढे म्हणतात, "तसं काही नाही गं, ये तू. रिकाम्या तासाला सातवी ब वर बसशील ना? गॅदरिंगचं निवेदनही तूच कर, आवाज छान आहे तुझा." वर्षअखेरीस लेटरहेडवर मजकूर येतो की सदर उमेदवाराने आमच्या शाळेत समुपदेशक म्हणून समाधानकारक काम केले. सातवी ब ला तो तास कसा गेला, याची नोंद मात्र कुठेच नसते.

ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी बाजार उघडा आहे. मालावर 'मेड इन यूएसए' छापून त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगायचा, ही जुनी गंमत सगळ्यांना पाठ आहे. पण कागदाच्या बाबतीत आता कुणी उल्हासनगरला बोल लावू नये. दोन रविवारच्या झूमवर चाइल्ड सायकॉलॉजिस्ट बनवून देणारे देशभर पसरलेत. इंटर्नशिपचं तर उलटंच झालंय. काम करणाऱ्याला पैसे मिळण्याऐवजी काम करणाराच पैसे भरतो आणि बदल्यात सोनेरी कडेचं पीडीएफ घेऊन येतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या बाजारात निदान कापड हाताने चाचपून बघता येतं.

सरकारदरबारी या पोरींना नक्की काय म्हणायचं, हेही धड ठरलेलं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992च्या कायद्याखाली व्यावसायिकांचे सोळा प्रकार मोजलेत. श्रवणयंत्राचा कानातला साचा बनवणारा तंत्रज्ञ आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, पुनर्वसन कार्यशाळेचा व्यवस्थापकही आहे. शाळेतला मानसशास्त्रज्ञ नाही. ज्याचं नावच यादीत नाही, त्याच्या अनुभवाचे तास कोण मोजणार?

गरज नाही म्हणून नाव नाही, असंही म्हणायची सोय उरलेली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि 20 तारखेला लोकांनी रूळ अडवले. दिवसभर गाडी हलली नाही. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, तक्रारपेटी लावावी, सखी सावित्री समिती नेमावी. कॅमेऱ्याला मुदत मिळाली, कारण कॅमेऱ्याचं कोटेशन येतं, बिल निघतं आणि फोटो काढून पाठवता येतो. चार वर्षांचं मूल काय सांगतंय, किंवा का सांगत नाहीये, हे ओळखणाऱ्या माणसाचं कोटेशन कुणी मागवलं नाही. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायला आधी लिहिता यावं लागतं, आणि त्या मुली बालवर्गातल्या होत्या.

मग 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा सेवेला घ्यावा. शंभर विद्यार्थी म्हणजे इकडे एका तुकडीपेक्षा थोडे जास्त. तेव्हा कल्याणच्या पुढे जेवढ्या शाळा, जवळपास तेवढी माणसं लागणार. आणायची कुठून? आहेत त्याच शाळांतून, अर्थात. चित्रकलेचे सर उद्यापासून समुपदेशक. सर शांत आहेत, मुलांचे लाडके आहेत, आणि त्यांचा तास तसाही गणिताच्या बाई मागून घेतात.

बरं, शिक्षकांना हा विषय अगदीच परका असतो असंही नाही. बीएडला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर असतो. पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचे उंदीर आणि कबुतरं, कोहलरचा चिंपांझी असे सगळे त्यात भेटतात. मूल भेटायचं ते इंटर्नशिपला. 2015पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली इंटर्नशिप वीस आठवड्यांची झाली, ही खरोखर चांगली गोष्ट होती. शाळांनी तिचा अर्थ वीस आठवडे फुकटचे बदली शिक्षक असा लावला.

न्यायालयाच्या आदेशापाठोपाठ, त्याच पावसाळ्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन मानसशास्त्र बंद केलं. माणसांशी प्रत्यक्ष काम न करता मानसशास्त्र शिकू नये, हे तत्त्व मला पटतं. पत्राने पोहणं शिकवू नये. पण बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर आहे, आणि ज्या बाईला सकाळी पोळ्या लाटून, मूल शाळेत सोडून, दुपारी शिकवण्या घेऊन रात्री इग्नूची पुस्तकं वाचता येत होती, तिला आता रोज कलिनाचं मुंबई विद्यापीठ किंवा देवनारचं टिस गाठायला सांगितलंय. कुठल्या गाडीने ते सांगितलेलं नाही. लेडीज डब्यात दारातून आत सरकण्याचा जो अनुभव ती रोज घेईल, तो गर्दीच्या मानसशास्त्रात मोडतो. त्याला श्रेयांक नाहीत.

आता खरी गंमत. जो अनुभव मिळत नाही म्हणून ही मंडळी पायपीट करतात, तो याच पट्ट्यात जितका दाट पसरलाय, तितका देवनारच्या आवारातही सापडायचा नाही.

उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पातला दुसरीतला मुलगा घ्या. घरात आजी सिंधी बोलते आणि तिची पोथी अरबी वळणाच्या लिपीतली असते. गल्लीत हिंदी. शाळा इंग्रजी. आणि 2020च्या कायद्याने मराठी सक्तीची, ती हवीच. दुसरीतला हा मुलगा वाचताना अडखळतो. बाई म्हणतात, एलडी आहे, म्हणजे अध्ययन अक्षमता. ट्यूशनवाली म्हणते, लक्ष नाही. आई म्हणते, याचे बाबाही असेच होते, आज दोन दुकानं आहेत. यातलं खरं काय, हे ठरवणं म्हणजेच शैक्षणिक मानसशास्त्र. अक्षरांचा गोंधळ मेंदूतून आलाय, की चार भाषा एकाच वेळी अंगावर पडल्याने झालाय, की मागच्या बाकावरून फळाच दिसत नाही? चष्म्याचा नंबर काढून सुटलेली प्रकरणं या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

आणि त्या मुलाला तपासायचं कोणत्या भाषेत? बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे. ती व्ही. व्ही. कामतांनी 1930च्या दशकात धारवाडकडच्या मुलांसाठी मराठी आणि कानडीत बसवली. मालिन यांची बुद्धिमापन चाचणी नागपुरात तयार झाली, 1969 साली. वाचनदोष ओळखणारी 'डाली' 2015 मध्ये आली, ती हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजीत. सिंधी या यादीत नाही. म्हणजे आजीच्या भाषेत जे पोर तल्लख असतं, ते चाचणीच्या भाषेत मंद ठरू शकतं, आणि हे पकडायला आजीची भाषा येणारा माणूस लागतो. असा माणूस परदेशी पदवी घेऊन येत नाही. तो कॅम्प चारमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा मुलांच्या शिकवण्या घेत बसलेला असतो.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत बापाच्या बदलीबरोबर राज्यं आणि शाळा बदलत आलेली मुलं आहेत. तालुक्याच्या कडेला ठाकर आणि कातकरी वाड्यांतली मुलं आहेत. वीटभट्टी सुरू झाली की ती वर्गातून गायब होतात, आणि हजेरीपुस्तक त्यांना अनियमित म्हणतं. बदलापुरात तर एक अख्खी पिढी आजीच्या किंवा शेजारच्या काकूंच्या जिवावर वाढतेय, कारण आईबाप उजाडायच्या आत गाडी पकडतात आणि मूल झोपल्यावर परततात. पालकसभा शनिवारी अकराला ठेवणाऱ्या शाळेत मग 'पालकांचे सहकार्य नाही' असा शेरा पडतो. ही मुलं आणि हे शेरे वर्षभर शेजारी ठेवून नुसते वाचले, तरी प्रबंधाची तीन प्रकरणं होतील.

पण एलडीचा दाखला हवा, तर या भागातली कित्येक कुटुंबं सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालयच गाठत आली आहेत. सायनला फास्ट थांबत नाही, तेव्हा कुर्ल्याला उतरून स्लो पकडा. राज्यात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळायला लागल्या 1996 मध्ये, म्हणजे दाखला कामाचा आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो, गणिताला कॅल्क्युलेटर चालतो. त्यामुळे दाखल्याचा शोध पुष्कळदा दहावीच्या तोंडावर सुरू होतो. दुसरीतली अडचण दहावीत सापडते, याला इकडे वेळेत निदान म्हणतात.

हे सगळं आपल्याला नवं आहे, अशीही समजूत नको. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र मुंबईतच सुरू झालं, 1937 साली. आज ज्याला टिस म्हणतात, त्या संस्थेने ते काढलं. पुण्यात अप्पा पेंडसे या मानसशास्त्रज्ञाने 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी केली आणि तिची मानसशास्त्र शाखा आजही शाळांचं मानसशास्त्र शिकवते. मुंबई झाली, पुणं झालं. कल्याण जंक्शनला गाडी बराच वेळ उभी आहे.

इंग्लंडात म्हणे हे सगळं शिस्तीत चालतं. तिथे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हायला तीन वर्षांची डॉक्टरेट लागते आणि प्रवेशाआधी मुलांबरोबर केलेलं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं. वर्गातला मदतनीस म्हणून केलेलं कामही चालतं. अट तीच आहे, फरक एवढाच की तिकडे वर्गात मदतनीस नावाची नोकरी असते आणि तिला पगार असतो. त्या देशातला या पदावरचा पहिला माणूस सिरिल बर्ट, 1913 साली लंडनच्या कौन्सिलने नेमलेला. तो गेल्यावर त्याच्या जुळ्या भावंडांच्या आकडेवारीवर बनावटपणाचे आरोप झाले आणि तो वाद कित्येक वर्षं चालला. तेव्हा खोट्या दाखल्यांवरून आपण एकट्यानेच फार लाजू नये.

तरीही कुणी विचारलंच की अनुभव घ्यावा कुठे, तर माझं मत सरळ आहे. महिन्यात दहा शाळा पालथ्या घालण्यापेक्षा एका वर्गात एका मुलाकडे वर्षभर बघावं. शॅडो टीचरचं काम मिळालं तर ते सगळ्यांत उत्तम, कारण त्यात मुलाच्या शेजारी बसावं लागतं आणि बाईंचा रागही दोघांनी मिळून खावा लागतो. रोज काय पाहिलं ते लिहावं. 'चंचल', 'हट्टी', 'आळशी' हे शब्द वहीतून हद्दपार करावेत. 'अकरा वाजता बाक सोडून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला' असं लिहावं. आणि ती वही आठवड्यातून एकदा जाणत्या माणसाने वाचावी. त्याशिवाय दहा वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच चुकीचा दहा वर्षांचा सराव.

घोडं अडतं ते या जाणत्या माणसापाशी. तो इथे अगदीच नाही असं नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आठवा. एकेका बाईंकडे अनेक शाळा. आज या गावात स्वमग्न मुलगा, उद्या त्या पाड्यावर ऐकू न येणारी मुलगी. स्कूटीच्या डिकीत फ्लॅशकार्ड आणि हजेरीचे फॉर्म. कुठलं मूल खरंच अडलंय आणि कुठलं नुसतं घाबरलंय, हे यांना दारातून कळतं. त्यांच्या मागे वर्षभर फिरलेल्या मुलीला कुठल्याही मुलाखतीत अडवून दाखवावं. पण अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची सही चालेलच असं नाही, आणि या बाई तर स्वतःच वर्षानुवर्षं कंत्राटावर राबल्या. त्यांच्या स्वतःच्या अनुभवाचा दाखला कुणी द्यायचा, यावर फाइल फिरते आहे.