ऊन निघालं की कापड घेऊ

हॅरो, लंडन

ती. सौ. आईस,

पत्रास कारण की, गणपतीत चिऊला परकर-पोलकं शिवायचं मी ठरवलंय आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझे जावई. चिऊ ज्या बाजूला बिस्किटं असतील त्या बाजूला.

भांडण तुझ्यामुळंच लागलं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कापड पसंत करायचं नाही, बाहेर उन्हात नेऊन बघायचं, हे तूच शिकवलंस ना? आपल्या पाचोडला ते जमायचं. बाजाराच्या दिवशी तू ठाण खांद्यावर टाकून थेट रस्त्यापर्यंत यायचीस, दुकानातला पोरगा दुसरं टोक धरून मागं पळायचा, आणि बीडच्या एस.टी.तल्या बायका खिडकीतून "घ्या मावशी, खुलतंय" म्हणायच्या. इथं वेम्बलीत ईलिंग रोडवर साड्या-कापडांची दुकानं ओळीनं आहेत. एका दुकानात म्हटलं, जरा बाहेर नेऊन बघते. तिथले गुजराती काका माझ्याबरोबर दारापर्यंत आले, आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बेन, ऊन निघालं की फोन करतो." अजून फोन आलेला नाही.

जावयांचं म्हणणं वेगळंच. "पोरगी ते घालणार कुठं? महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, दिव्याखाली. मग उन्हाचा संबंध काय?" मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिल लेनवर स्वतःची वास्तू आहे, आरती आतच होते. म्हणजे मुद्दा बरोबर होता, पण तो त्यांनी मांडला म्हणून मला मान्य करता येईना.

मग मी प्रयोग केला. राणी, हळदी, मोरपंखी असे कटपीस आणले आणि खिडकीत, दिव्याखाली, बसस्टॉपवर, सगळीकडं धरून बघितले. ढगाळ उजेड निळसर असतो, त्यात हळदी रंगाला कावीळ झाल्यासारखं होतं. तोच घरच्या पिवळ्या दिव्याखाली छान खुलतो, पण तिथं गर्द निळा काळा पडतो. आपल्याकडं वैशाखाच्या उन्हात फिके रंग विरून जातात, म्हणून आपण गडद घेतो. तोच गडद राणी इथं नोव्हेंबरात बसस्टॉपवर उभा राहिला की नुसता ओरडतो. इथली माणसं राखाडी नि नेव्ही ब्लू घालतात ते काही दुःखात असतात म्हणून नाही, एवढं मला कळलं. तरी सगळ्या शहरानं एकाच रंगात फिरायचं हे काही मला पटत नाही.

नक्षीच्या नमुन्यांसाठी आम्ही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलो. तिकीट नाही, फुकट आहे, म्हणून जावईही आले. तिथं विल्यम मॉरिस नावाच्या माणसानं १८८३ साली काढलेलं एक छापील सुती कापड आहे, 'स्ट्रॉबेरी थीफ'. याच्या घरच्या बागेत पक्षी जाळीखाली घुसून स्ट्रॉबेऱ्या चोरायचे. दुसरा कुणी असता तर गोफण घेतली असती, यानं त्या चोरांचंच कापड केलं! आधी सबंध कापड निळीत बुडवायचं, मग नको तिथली नीळ औषधानं उडवायची, आणि मोकळ्या जागेत लाल-पिवळा छापायचा. एकेका कापडाला कित्येक दिवस लागायचे. आज इथं त्याच्या उश्या, पिशव्या, चहाचे मग, सगळं मिळतं.

मी तिथंच ठरवलं, आपल्या परकराला मोसंबीचोर. घरी येऊन बाबांना फोन लावला, म्हटलं आपल्या मोसंबीच्या बागेतला चोर कोण? मला वाटलं राघू म्हणतील, काठावर कसा शोभला असता. बाबा म्हणाले, "पतंग. आंब्या बहाराला रात्रीचा येतो, सोंड खुपसून रस ओढतो, फळ सडून गळतं." पुढं वीस मिनिटं, बागेत धूर कधी करायचा आणि गळालेली फळं लगेच का उचलायची ते सांगितलं. आता पोरीच्या परकरावर तपकिरी पतंग आणि सडकी मोसंबी कोण काढणार? मी पैठणीतलाच राघू घेतला. बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते मला पुन्हा पतंगाचं जीवनचक्र समजावतील.

बाहीसाठी मात्र म्युझियममध्ये आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली ती नर्तकी आहे ना, तिच्या अंगात लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र आहे. शाळेच्या सहलीत आम्ही अंधारात नुसतं "पद्मपाणी कुठाय" करत पुढं गेलो होतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेरा वर्षं त्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनला आल्या, १८८५च्या आगीत बऱ्याच जळाल्या, उरलेल्या याच म्युझियमकडं आहेत. तर पोलक्याला लांब बाही. इथल्या थंडीलाही बरी.

आणि तुझं ते चिंध्यांचं गाठोडं, ज्यावरून आजी तुला बोलायची! १८६६ साली फोर्ब्स वॉटसन नावाच्या साहेबानं तेच केलं. हिंदुस्थानातल्या कापडांचे सातशे तुकडे कापून अठरा खंडांत चिकटवले, प्रत्येकापाशी गाव, लांबी-रुंदी, वजन, किंमत लिहिली, आणि असे वीस संच काढले. हेतू असा, की इथल्या गिरणीवाल्यांना आपली माणसं काय नेसतात ते कळावं आणि त्यांनी तसलंच कापड काढून आपल्यालाच विकावं. मीही आता वही केलीय. वॉटसनसाहेबांनी न लिहिलेला एक रकाना मात्र घातलाय, कुठल्या उजेडात पाहिलं तो.

त्या वहीनंच निकाल लावला. दोन्ही उजेडांत टिकलं ते एकच कापड, धूप-छाँवचं. पैठणच्या मागावर तू दाखवलं होतंस तसं, ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. माझ्या कापडाचा ताणा जांभळा आणि बाणा हिरवा. दिव्याखाली हिरवं पुढं येतं, ढगात जांभळं, आणि चिऊ पळाली की दोन्ही. घेतलं. दोन्ही पक्षांनी विजय जाहीर केला.

बेतताना मात्र कस लागला. धूप-छाँवचे सगळे तुकडे एकाच दिशेनं बेतावे लागतात, एखादा जरी उलटा लागला तर दोन वेगळ्या कापडांचं शिवल्यासारखं दिसतं. मी खडूनं प्रत्येक तुकड्यावर बाण काढले, पाठ, पुढा, बाही, सगळ्यांचे बाण वर. जेवणाचं टेबल तीन रात्री बंद होतं, जावई ताट मांडीवर घेऊन जेवले आणि त्या बाणांकडं बघून "वाहतूक कुठं वळवलीय?" म्हणाले. गळ्याला उरेब पट्टी लावलीय, मुंढ्याला टीप घालायची राहिलीय.

आता काम तुझ्याकडं. काठावर मोसंबी भरायच्या आहेत आणि इथं कुणाला मोसंबीचा रंग माहीतच नाही. दोऱ्यांत एक संत्र्याचा मिळतो, एक लिंबाचा, मधलं कुणी ऐकायला तयार नाही. फोटोवर माझा विश्वास नाही. तू पिवळ्या-हिरव्या रिळांची पिशवी घेऊन बागेत जा, रीळ फळाला लावून बघ, आणि जुळतील त्या दोन पाठव. मामाचा बंडू पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर दे. सोबत हुकांचं पाकीट, नाडी आणि माझं मापाचं ब्लाऊज. ब्लाऊज जुनंच पाठव, माप मी वाढवून घेईन, किती ते विचारू नकोस.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनीला आठवण, पिल्लांना पापा.

तुझी लेक

ता. क. तुझी मोठी कात्री पाठवत असशील तर बंडूच्या हातातल्या पिशवीत घालू नकोस, विमानतळावर काढून घेतात. मोठ्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून ठेव.